दारू, एक बेसबॉलपटू आणि मी न विचारलेला प्रश्न



या ब्लॉगवर आपण बीपी, शुगर, थायरॉइड, व्हिटॅमिन बी-12 असल्या विषयांवर बोलतो. आज मी तुम्हाला एका अमेरिकन बेसबॉलपटूची गोष्ट सांगणार आहे. दचकू नका, शेवटी आपण दवाखान्यातच येणार आहोत. खरं तर माझ्याच दवाखान्यात, आणि माझ्याच एका चुकीपाशी.

2024 च्या सप्टेंबरात आम्ही दोघं मुलाकडे फ्रीमाँटला, कॅलिफोर्नियात होतो. जवळच ओकलंड शहर. तिथला बेसबॉल संघ, ओकलंड अ‍ॅथलेटिक्स, कायमचा शहर सोडून चालला होता. 26 सप्टेंबरला त्या मैदानावरचा त्यांचा शेवटचा सामना झाला. त्या दिवसांत मुलाने मला या संघाच्या जुन्या सामन्यांची क्षणचित्रं दाखवायला सुरुवात केली. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एक माणूस पुन्हा पुन्हा दिसायचा. लांब केस, जाड मिशा, हात बाजूने फिरवत चेंडू फेकायची पद्धत. डेनिस एकर्सली. मुलगा म्हणाला, "बाबा, याची केस हिस्टरी तुम्हाला आवडेल." डॉक्टरच्या मुलाची भाषा!

आधी खेळ थोडा समजून घेऊ. बेसबॉलचे नऊ डाव. जो पिचर सामना सुरू करतो तो 'स्टार्टर'. त्याचा मान मोठा, आपल्याकडे नव्या चेंडूच्या गोलंदाजाचा असतो तसा. तो साधारण पाच दिवसांतून एकदा खेळतो. तो दमला किंवा मार खाऊ लागला की त्याच्या जागी येतो तो 'रिलीफ पिचर'. एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही, त्यामुळे हा बदल कायमचा. आपला संघ थोडक्यात पुढे असताना शेवटच्या डावात येऊन ती आघाडी राखणारा जो रिलीफ पिचर, त्याला 'क्लोजर' म्हणतात, आणि राखलेल्या सामन्याला 'सेव्ह'. क्रिकेटमधल्या शेवटच्या षटकाच्या गोलंदाजासारखंच, फक्त हे काम वर्षाला साठ-सत्तर वेळा करायचं. रिलीव्हरला कुठल्या रात्री बोलावणं येईल ते आधी माहीत नसतं.

एकर्सली मुळात स्टार्टर होता. जन्म 1954 चा, ओकलंडचाच. 1975 मध्ये क्लीव्हलंडकडून मोठ्या लीगमध्ये आला. 1977 च्या मे महिन्यात, वयाच्या 22 व्या वर्षी, त्याने 'नो-हिटर' टाकला, म्हणजे पूर्ण सामन्यात समोरच्या संघाला एकही यशस्वी फटका मारू दिला नाही. पुढच्या वर्षी तो बॉस्टनकडे गेला आणि 20 सामने जिंकला. पैसा, प्रसिद्धी, सगळं होतं. आणि दारू होती.

आता इथे थांबा आणि एक गोष्ट लक्षात घ्या. दारूचा आजार म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? गटाराच्या कडेला पडलेला, कामावर न जाणारा, बायकोला मारणारा माणूस. एकर्सली यातला कोणी नव्हता. तो वर्षानुवर्षं मैदानावर वेळेवर हजर होता आणि लाखो लोकांसमोर काम करत होता. 'कामावर जातो म्हणजे ठीक आहे' ही आपली फार आवडती समजूत आहे. पेशंटची असते, घरच्यांची असते, आणि सांगायला लाज वाटते, पण डॉक्टरांचीही असते.

माझी तर होतीच.

आमच्याकडे एक सर येत. हायस्कूलात गणित शिकवायचे. (त्यांच्या परवानगीने लिहितो आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) दहावीचा निकाल दरवर्षी उत्तम, शाळेत कधी खाडा नाही, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. बीपीसाठी माझ्याकडे अकरा वर्षं येत होते. पित्ताची तक्रार कायम. सकाळी हात किंचित थरथरायचे, त्यावर त्यांचं म्हणणं, "खडू धरून धरून." रक्ततपासणीत जीजीटी वाढलेलं, लिव्हरच्या दोन एन्झाइमपैकी एएसटी हे एएलटीपेक्षा बरंच जास्त, लाल पेशींचा आकार मोठा. एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलालाही हे चित्र ओळखता येईल. मी एकदा विचारलं, "सर, घेता का?" ते म्हणाले, "अधूनमधून, डॉक्टर. कधी लग्नकार्यात." मी म्हणालो, "कमी करा." आणि पित्ताची गोळी लिहून दिली. अकरा वर्षांत माझा दारूवरचा उपचार एवढाच.

का विचारलं नाही मी पुढे? ओपीडीत बाहेर तीस माणसं बसलेली असतात हे खरं आहे, पण ते कारण नाही. मला संकोच वाटला. सरांना दारूबद्दल खोदून विचारणं मला अपमान केल्यासारखं वाटलं. ते माझ्या मुलाचेही सर होते.

मग 2016 मध्ये त्यांच्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. फिटनेसचं पत्र मी दिलं. बीपी, ईसीजी, शुगर, सगळं व्यवस्थित लिहिलं. दारूचा उल्लेख नाही. ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या रात्री सरांना दरदरून घाम फुटला, अंग थडथडू लागलं, भिंतीवर मुंग्या चालताना दिसू लागल्या. सलाईन उपसून ते 'तास सुरू झालाय, मला वर्गावर जाऊ द्या' म्हणत पलंगावरून उतरू लागले. नर्सना वाटलं वेड लागलं. सर्जनना वाटलं जंतुसंसर्ग मेंदूत गेला. मला फोन आला तेव्हा पहिल्या वाक्यातच मला कळलं.

याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. रोज भरपूर दारू घेणाऱ्या माणसाच्या मेंदूला त्या गुंगीची सवय झालेली असते. ती टिकवून धरण्यासाठी मेंदू आपली उत्तेजना वाढवून ठेवतो, उतारावर ब्रेक दाबून गाडीला रेस दिल्यासारखी. दारू अचानक बंद झाली की ब्रेक सुटतो आणि रेस तशीच राहते. पहिल्या दिवसात थरथर, घाम, झोप न लागणं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात हे भास, गोंधळ, वाढलेले ठोके, ताप. वेळेवर ओळखलं नाही तर जीव जाऊ शकतो. ओळखलं तर योग्य मात्रेत बेंझोडायझेपिन गटातली औषधं, शिरेतून व्हिटॅमिन बी-1 आणि नीट देखरेख यांनी बहुतेक माणसं बरी होतात. सर बरे झाले. आयसीयूत पाच दिवस काढून.

आयसीयूच्या बाहेर वहिनी मला म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हाला माहीत होतं ना?" आवाज चढवला नाही. मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते मला आठवतं, पण इथे लिहिण्यासारखं नाही.

आता पुन्हा एकर्सलीकडे. 1986 चा हंगाम त्याला वाईट गेला. शिकागोकडून खेळताना 6 विजय, 11 पराभव. वय 32 होत आलेलं, पिचरचा उतार सुरू होण्याचं वय. पण त्याला हलवलं ते या आकड्यांनी नाही. घरच्यांनी तो प्यालेला असताना त्याचा व्हिडिओ घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच दाखवला. लहान मुलीसमोर आपण कसे दिसतो ते त्याने पहिल्यांदा पाहिलं. 1987 च्या जानेवारीत तो उपचारकेंद्रात दाखल झाला. योगायोग असा की त्याच्या जेमतेम काही महिने आधी, 1986 च्या ऑगस्टमध्ये, पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं होतं. व्यसन हा आजार आहे आणि त्याचा उपचार होतो, हे आपल्याकडे सांगायला तेव्हा किती लोक होते, आठवून बघा.

व्हिडिओचा उपाय तुम्ही घरी करून पाहा असं मी मुळीच सांगत नाही. प्रत्येकाला तो लागू पडेल असं नाही, काही जण अपमानाने आणखी पितात. ध्यानात घ्यायचं ते हे, की त्याला कोणी उपदेश केला नाही. आधीच्या दिवशीचा तोच त्याला दाखवला. आणि तो शुद्धीवर असताना दाखवला. रात्री बारा वाजता, पिऊन आलेल्या माणसाशी दारूवर बोलून आजवर कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. सकाळी बोला.

उपचारानंतर काय झालं? सिनेमात असतं तसं काही लगेच झालं नाही. 1987 च्या एप्रिलमध्ये शिकागोने त्याला ओकलंडला देऊन टाकलं, बदल्यात तीन अननुभवी खेळाडू घेतले. ओकलंडचे मॅनेजर टोनी ला रुसा यांनी त्याला स्टार्टरच्या रांगेत घेतलं नाही, रिलीफमध्ये टाकलं. त्या काळी स्टार्टरला रिलीफमध्ये पाठवणं म्हणजे मुख्याध्यापकाला पुन्हा पाचवीच्या वर्गावर पाठवण्यासारखं. पुढे संघाचा क्लोजर जखमी झाला आणि शेवटचा डाव एकर्सलीकडे आला. 1988 मध्ये त्याने 45 सामने राखले.

दारू सोडलेल्यांनी पुढचा भाग नीट वाचा, कारण मी हे सगळं त्यासाठीच लिहायला घेतलं.

15 ऑक्टोबर 1988. लॉस एंजेलिस. वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा पहिला सामना. ओकलंड 4–3 ने पुढे. शेवटचा डाव. एकर्सली आला आणि दोन जणांना बाद केलं. आता फक्त एक. पुढच्या माइक डेव्हिसला त्याने 'वॉक' दिला, म्हणजे चार चेंडू बाहेर टाकून फुकट पहिल्या बेसवर जाऊ दिलं. जो माणूस सहसा वॉक देतच नसे, त्याने हा दिला. मग लॉस एंजेलिसने कर्क गिब्सनला फलंदाजीला पाठवलं. त्याचे दोन्ही पाय दुखावलेले, चालताना लंगडत होता. चेंडूंचा हिशोब शेवटच्या टोकाला आला, तीन बाहेरचे आणि दोन स्ट्राइक. एकर्सलीने स्लायडर टाकला. गिब्सनने जवळजवळ नुसत्या हातांच्या जोरावर तो प्रेक्षकांत भिरकावला. 5–4. सामना संपला. अमेरिकन क्रीडा इतिहासात हा फटका आजही दाखवला जातो, आणि प्रत्येक वेळी पाठमोरा मैदान सोडून जाणारा एकर्सलीही दाखवला जातो. अशा फटक्याला तिथे 'वॉक-ऑफ' म्हणतात, आणि तो शब्द रुजवण्याचं श्रेय एकर्सलीलाच दिलं जातं. हरलेला पिचर मान खाली घालून चालू लागतो, म्हणून वॉक-ऑफ.

दारू सोडून त्याला दोन वर्षंही झाली नव्हती.

मी तो व्हिडिओ मुलाच्या घरी सोफ्यावर बसून पाहिला तेव्हा खेळ माझ्या डोक्यात राहिलाच नाही. मनात आलं ते एवढंच, की आता हा माणूस हॉटेलवर परत जाणार. डॉक्टर म्हणून मला माहीत आहे की धोका पहिल्या आठवड्यात असतो तसा या रात्री असतो. आपण पेशंटला सांगतो, 'दारू सोडा, सगळं चांगलं होईल.' हे खोटं आहे. लिव्हर सुधारतं, झोप सुधारते, बीपी उतरतं. पण नोकरी जाते, माणसं जातात, पोरं नापास होतात, हे सगळं चालूच राहतं. आणि पूर्वी त्यावर एक औषध होतं, तेही आता नाही.

त्या रात्री सामन्यानंतर एकर्सली पत्रकारांपासून पळाला नाही. लॉकरपाशी उभा राहिला आणि प्रश्न संपेपर्यंत उत्तरं देत राहिला. कुठला चेंडू, का टाकला, चूक कोणाची. चूक माझी, असं. ओकलंड ती मालिका 4–1 ने हरलं.

पुढच्या वर्षी तोच संघ वर्ल्ड सिरीज जिंकला. 1990 मध्ये एकर्सलीने 73 पेक्षा थोडे जास्त डाव टाकले आणि त्यात फक्त 4 वॉक दिले. 48 सामने राखले. त्या वर्षात त्याच्यासमोर फटका मारून किंवा वॉक मिळवून बेसवर पोचलेले सगळे मिळून 45, म्हणजे राखलेल्या सामन्यांपेक्षाही कमी. 1992 मध्ये 51 सामने राखून उत्कृष्ट पिचरचा साय यंग आणि सर्वोत्तम खेळाडूचा एमव्हीपी, दोन्ही पुरस्कार. 1998 मध्ये निवृत्त झाला तेव्हा 24 हंगाम, 1071 सामने, 197 विजय आणि 390 सेव्ह. 2004 मध्ये हॉल ऑफ फेम. ज्या शेवटच्या डावाच्या कामावर त्याला नाइलाजाने टाकलं होतं, त्या कामाची आजची पद्धतच बऱ्याच अंशी त्याच्यामुळे ठरली.

हे आकडे मी सरांना सांगितले, कारण ते गणिताचे. पण त्याआधीचं सांगायला हवं.

सर आयसीयूतून उठल्यावर मी त्यांच्याशी पहिल्यांदा धडपणे बोललो. माफी मागितली. मग व्यसनमुक्ती केंद्र, मानसोपचारतज्ज्ञ, स्वमदत गटाच्या बैठका. ओढ कमी करणारी गोळीही दिली. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं असतात, कोणाला कुठलं द्यायचं ते लिव्हर आणि किडनी बघून ठरतं. एक इशारा इथेच देतो. 'रुग्णाला न सांगता दारू सोडवा' अशा भिंतीवरच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. त्या पुड्यांत काय असतं ते कोणालाच नीट माहीत नसतं. काही घरांत डायसल्फिराम नावाचं औषध गुपचूप भाजीत कालवतात. त्यावर दारू पडली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, बीपी कोसळतं. हृदयरोगी असेल तर दगावू शकतो. ते औषध वाईट नाही, पण पेशंटच्या संमतीशिवाय आणि माहितीशिवाय ते विषच. दुसरी गोष्ट: रोज जास्त घेणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करण्याचा बाणेदारपणा करू नये. तिसऱ्या रात्री काय होतं ते वर वाचलंत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडा.

सर सुटले. अडीच वर्षं एक थेंब नाही. मग त्यांचा धाकटा भाऊ अपघातात गेला. तेराव्याच्या रात्री ते प्याले. पुढचे दोन महिने दवाखान्यात आलेच नाहीत. बीपीची गोळी मेडिकलमधून परस्पर नेत होते. मला वाटलं, सर नाराज असतील. खरं म्हणजे ते लाजले होते. मी फोन केला आणि म्हणालो, "सर, बीपी मोजायला या." ते आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, शून्यावर आलो पुन्हा."

मी तेव्हा त्यांना सांगितलं की दमा पुन्हा उसळला तर आपण पेशंटला नालायक म्हणत नाही, पंप पुन्हा सुरू करतो. हे बरोबरच आहे, पण पुरेसं नव्हतं. त्यांचा चेहरा हलला नाही. केंद्रात पुन्हा गेले, पुन्हा सोडली. ते पुष्कळसं वहिनींमुळे आणि बैठकांमुळे, माझ्यामुळे नाही.

अमेरिकेहून परतल्यावर एका संध्याकाळी, ओपीडी संपल्यावर, मी त्यांना फोनवर गिब्सनचा तो फटका दाखवला. त्यांनी दोनदा पाहिला. मी 1990 चे आकडे सांगितले. ते म्हणाले, "73 डावांत 4. म्हणजे अठरा डावांत एक. बरं." थोड्या वेळाने म्हणाले, "पण दाखवतात मात्र हा एकच." मग म्हणाले, "आणि हा पत्रकारांसमोर उभा राहिला म्हणता. मी दोन महिने तुमच्यासमोर नाही आलो."

आता माझ्या दवाखान्यात नियम आहे. अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला, कीर्तनकार असो की कलेक्टर, बाई असो की पुरुष, मी तीन प्रश्न विचारतो. काय घेता? आठवड्यातून किती दिवस, आणि एका वेळी किती? शेवटची कधी घेतली? तिसरा प्रश्न ऑपरेशनच्या आधी जीव वाचवणारा आहे. तुम्हाला डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. हॉस्पिटलात भरती होताना, दाताचं काम करताना, भूल देणाऱ्यांना, सगळ्यांना. आम्ही पोलीस नाही. नातेवाईक असाल तर पेशंट लपवतोय असं दिसल्यास डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगा, त्यात विश्वासघात नाही. आणि स्वतःबद्दलच शंका असेल तर एवढंच तपासा: कमी करायचं ठरवून कमी झालं नाही, असं झालं आहे का? कोणी बोललं की राग येतो का? नंतर अपराधी वाटतं का? सकाळी हात स्थिर करायला घ्यावी लागते का? दोनांना 'हो' आलं तर डॉक्टरांकडे जा. लगेच कोणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, नंबर 14416, मराठीतही बोलता येतं.

हा लेख टाकण्याआधी मी सरांना वाचायला दिला. त्यांनी लाल पेनाने दोन ठिकाणी खुणा केल्या. पहिली, आयसीयूत पाच नव्हे, सहा दिवस होते. दुसरी खूण 'अधूनमधून, कधी लग्नकार्यात' याच्या खाली. समासात लिहिलं होतं: 'रोज एक क्वार्टर. रविवारी दोन.'